आतलं कुलूप, बाहेरची किल्ली

विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग इमारतीच्या पुढच्या दारात जी सुरक्षारक्षक बाई बसायची, तिला पोरं तोंडावर 'ताई' म्हणायची आणि पाठीमागे 'फौजदारीण'. दोन्ही नावं तिच्या कानावर होती, आणि खरं विचाराल तर पाठीमागचंच तिला जास्त आवडायचं. ताई काय, उठसूट कुणीही होतं. फौजदारीण व्हायला अंगात रग लागते.

रग होतीच. बांधा आडवा, आवाज उभा. खाकी शर्टाची इस्त्री अशी कडक की बाहीच्या घडीने भाजी चिरावी. ओळखपत्र विसरलेल्या पोराला ती आत सोडायची नाही, मग तो रडो, हसो, नाहीतर कुलगुरूंचा भाचा निघो. एकदा तसा खरंच निघाला होता. "माझे मामा कोण आहेत माहीत आहे का?" असं त्याने विचारल्यावर हिने आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "बस. तुला आठवलं की मलाही सांग." पोरगं निमूट वसतिगृहावर जाऊन कार्ड घेऊन आलं. आणि पुढे वर्षभर तिला वाकून नमस्कार केल्याशिवाय आत गेलं नाही.

आधी ती दवाखान्याच्या दारात होती, मग बँकेच्या, मग कपड्यांच्या मोठ्या दुकानाच्या. "आयुष्य दारात गेलं," ती म्हणायची, "पण कुणाच्या दारात गेले नाही." शाळा अर्ध्यात सुटलेली. वाचायला शिकली ती दुकानांच्या पाट्यांवरून आणि नोटीस बोर्डावरून. म्हणून तिला हुकूम, मनाई आणि सूचना या तिन्हींची भाषा पाठ होती. गोडधोड बोलायची भाषा मात्र कुठल्या पाटीवर नव्हती, ती राहून गेली.

इमारतीच्या तळमजल्यावर, अगदी मागच्या अंगाला, बॅटरीची लॅब होती. लांबट खोली, रेल्वेच्या डब्यासारखी. एक दार कॉरिडॉरला. त्या दाराशीच विजेचे सगळे खटके, म्हणून बॅटऱ्या चार्ज करायची टेबलं तिथे. टेबलांना लागून भट्टी, भट्टीपलीकडे रसायनांचं कपाट. पोरं बसायची ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि त्या टोकाला दुसरं दार. ते उघडलं की मागचा बोळ, गॅस सिलिंडरचा जाळीचा पिंजरा आणि वर आभाळ. त्या यंत्रांत काय शिजतं ते तिला कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. "ती शिकलेल्यांची डोकेदुखी," म्हणायची. "मला माणसं मोजून आत गेली तेवढी बाहेर आली की झालं."

लॅबमध्ये एक सहायक होता, निवृत्तीला टेकलेला. आख्खं विद्यापीठ त्याला काका म्हणायचं. दुपारचा चहा तो तिच्या खुर्चीपाशी येऊन प्यायचा, आणि दोघं एकमेकांच्या कामाची रोज उणीदुणी काढायची.

"काय फौजदार, आज किती चोर पकडले?"

"एकच सापडला. माझ्या वाटणीची बिस्किटं खातोय."

सुरक्षा विभागाचा जो प्रमुख होता, त्याला सगळे कॅप्टन म्हणत. कशाचा कप्तान ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बोटीचा नाही, फौजेचा नाही, क्रिकेटचाही नाही. पण मिशा होत्या, शिट्टी होती आणि चालताना हात मागे बांधायची सवय होती, तेवढ्यावर हुद्दा निभावून नेला होता. माणूस वाईट नव्हता. वरून झाडला गेला की खाली झाडायचा, एवढंच. असं अर्धं जग आहे.

तर झालं असं, की बॅटरीच्या लॅबमधून तांब्याच्या पट्ट्या गेल्या. त्यांच्यासोबत दोन महागडी मीटरंही. कधी गेली, कुणी नेली, कुठल्या दाराने नेली, काही पत्ता नाही. मोठ्या सरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, कॅप्टनला केबिनमध्ये बोलावून असा धुतला की तो बाहेर आला तेव्हा मिशासुद्धा ओल्या दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबच्या मागच्या दाराला साखळी लागली. दाराच्या दोन फळ्यांना आतून दोन मुठी होत्या, त्यांच्यातून साखळी ओवली, वर नारळाएवढं कुलूप. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात ना, तो हा झोपा.

किल्ली आली फौजदारणीकडे. कॅप्टनने ती स्वतः तिच्या पट्ट्याच्या कडीत अडकवली. "सिलिंडरची गाडी आली तरच उघडायचं. बाकी देव आला तरी नाही."

"देवाकडे ओळखपत्र असलं तर?"

"बाई, थट्टा नको."

तिने थट्टा थांबवली. किल्ली पट्ट्याला लटकली आणि तिची चाल जरा बदलली, हेही सांगून टाकलं पाहिजे. चोरांचा तिला मनापासून तिटकारा. साखळी बघून तिला बरंच वाटलं होतं. काकाने मात्र चहा पिताना एकदा विचारलं, "आम्ही आत, कुलूप आत, आणि किल्ली तुझ्या कमरेला. हे कसलं गणित, फौजदार?"

"चोरांचं गणित आहे. तुम्ही चोर आहात का?"

"नाही ना. म्हणून तर कळेना."

तिने ते हसण्यावारी नेलं. काका काय, हवामानावरही कुरकुरायचा.

मग ती दुपार आली. जेवणं उरकली होती, इमारत सुस्त होती. फौजदारीण दारात बसून एका पोराच्या ओळखपत्रावरच्या फोटोची आणि त्याच्या नव्या दाढीची तुलना करत होती, तेवढ्यात कॉरिडॉरच्या टोकाकडून ओरडा आला. पाठोपाठ पोरं धावत आली, खोकत, डोळे चोळत. त्यांच्यामागून पांढरट धूर छतालगत पसरत येत होता. चार्जिंगच्या टेबलावरची एक बॅटरी फुगली आणि फुटली होती, आणि तिने शेजारणींनाही हाताशी धरलं होतं. लॅबच्या मॅडम शेवटी बाहेर पडल्या, आणि दारातच वळून पोरं मोजायला लागल्या. मोजून झाल्यावर त्यांचा चेहरा असा उतरला की फौजदारणीला काही विचारावं लागलं नाही.

"कोण राहिलं?"

"काका. आणि दोन मुली. मागच्या टोकाला होते. भट्टीच्या पुढून येता येईना त्यांना..."

फौजदारणीने पट्ट्यावरची किल्ली चाचपली आणि पळत सुटली. आत नाही. आत जायला वाट नव्हती. ती बाहेरून, इमारतीला वळसा घालून, सायकलींच्या स्टँडमधून, दोन सायकली आडव्या पाडून, मागच्या बोळात आली. दारावर आतून बुक्के बसत होते. तिने हातात किल्ली धरली, दार ओढलं, आणि मग तिच्या लक्षात आलं.

बाहेरून कुलूपच नव्हतं. कुलूप आत होतं. सिलिंडरची गाडी यायची तेव्हा ती नेहमी लॅबमधून चालत जाऊन आतून उघडायची. बाहेरून कधी उघडायची वेळच आली नव्हती. जगातल्या सगळ्या दारांची पहारेकरीण म्हणवणारी ही बाई, हातात बरोबर किल्ली घेऊन, चुकीच्या बाजूला उभी होती.

दार साखळीच्या ढिलाईपुरतं किलकिलं झालं. तळहात आडवा जाईल एवढी फट. फटीतून धूर आला, मग काकाची बोटं आली. तिने मनगट त्या फटीत घुसवलं, किल्ली आतल्या हाताला लावली. काकाला खोकल्याची उबळ आली आणि किल्ली खाली पडली. किल्ली आत पडल्याचा आवाज तिने ऐकला. असे आवाज माणूस विसरत नाही.

"खाली! खाली बसा! पायाशी शोधा!" ती फटीला तोंड लावून ओरडली. "धूर वर असतो, खाली बसा गं पोरींनो!"

एका मुलीला सापडली. दुसरीने मोबाईलचा उजेड धरला. कुलूप निघालं, साखळी खळाळत गळली, आणि तिघंही एकमेकांना धरून बोळात येऊन पडली. काकाचा घसा त्या दिवशी बसला तो बसलाच. दवाखान्यातून घरी आला, कामावर आला, पण आवाज भांड्यावर खिळा घासल्यासारखा झाला.

अहवाल निघाला. 'किरकोळ धूर. सर्व सुरक्षित. सुरक्षारक्षकेच्या प्रसंगावधानामुळे अनर्थ टळला.' सभागृहात तिचा सत्कार ठरला. मोठे सर स्वतः बोलले, टाळ्या झाल्या, तिच्या हातात फुलं आणि चौकटीत घातलेलं प्रशस्तिपत्र आलं. दोन शब्द बोला म्हणाले. ती दोनच बोलली.

"साखळी काढा."

टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. मोठे सर हसले, कार्यक्रमात हसतात तसं. "त्यावर विचार चालू आहे," म्हणाले.

विचार झाला. नवी साखळी आली. जुनीला काजळी धरली होती. कुलूप पुन्हा आतच, किल्ली पुन्हा तिच्याच पट्ट्याला.

ती कॅप्टनच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. "साहेब, चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय ही. चोराला अडवायला माणूस ठेवा. साखळीला कळतं का आत चोर आहे का काका?"

"माणूस कुठून आणू? मागितला, नाही मिळाला. आणि पुन्हा सामान गेलं तर मान कुणाची जाणार? तुझी?"

"आणि माणूस गेला तर?"

कॅप्टनने पेन खाली ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. "बाई, पुढच्या आठवड्यात रंगीत तालीम आहे," तो एवढंच म्हणाला. "अग्निशमनचे अधिकारी येणार. ती सुरळीत होऊ दे. मग बघू."

आता ही रंगीत तालीम काय प्रकार असायचा ते सांगितलं पाहिजे, कारण सगळी गोम त्यातच आहे. दरवर्षी एकदा आगीची तालीम व्हायची. तारीख आधी कळवलेली, वेळ आधी कळवलेली. त्या दिवशी सकाळपासून कॉरिडॉरमधली खोकी उचलून कोठारात जायची. चार्जिंगची टेबलं मोकळी व्हायची. आग विझवायची लाल नळकांडी पुसून ओळीत लागायची. आणि जिथे जिथे कुलपं, कड्या, साखळ्या असतील त्या चहाच्या आधी निघायच्या. मग घंटा वाजायची, पोरं हसत, फोटो काढत, हातात चहाचे कप घेऊन बाहेर यायची. अधिकारी घड्याळ बघून 'छान' म्हणायचे, दाखला मिळायचा. अधिकाऱ्यांची गाडी फाटकाबाहेर पडली की खोकी, कड्या, साखळ्या आपापल्या जागी परत. लग्नात उसने दागिने घालतात तशी ही इमारत त्या दिवशी उसनी सुरक्षा घालायची. यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. 'तालमीची तयारी' म्हणत त्याला.

आदल्या संध्याकाळी कॅप्टनने तिला सांगितलं, "सकाळी साखळी काढून कोठारात ठेव. ते गेले की लाव."

ती "हो" म्हणाली नाही, "नाही"ही म्हणाली नाही. तिला ओळखणाऱ्याने तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

घरी जेवताना तिने विषय काढला. नवरा बसडेपोत मेकॅनिक, स्वभावाने इंजिन बंद केल्यासारखा थंड. तो घास थांबवून म्हणाला, "अगं, तुझं नाव कायम होणाऱ्यांत आहे. इतकी वर्षं ठेकेदाराच्या हाताखाली काढलीस. आता काठाला लागलीयस. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"अहो, मासा असता तर तळून खाल्ला असता."

"मी गंमत करत नाहीये."

"मी पण नाही करत."

कोपऱ्यात सासू पाय पसरून बसली होती. गुडघे गेलेले, कान मात्र शाबूत. ती सुनेला कधी चांगलं म्हणायची नाही, आणि बाहेरच्या कुणी वाईट म्हटलं तर त्याला सोडायची नाही. "तिला नको समजावूस," ती मुलाला म्हणाली. "उद्या गप्प बसून आली तर महिनाभर घरात बडबडेल. ते मला ऐकावं लागेल, तू जाशील डेपोत. त्यापेक्षा तिथेच बोलून येऊ दे."

"आई, नोकरी गेली तर?"

"गेली तर दुसरं दार. दारांचा दुष्काळ पडलाय का?"

नवऱ्याने दोघींकडे पाहिलं, पाणी प्यायला, आणि घास उचलला. रात्री दिवा घालवताना तो म्हणाला, "बूट पुसून ठेवलेत. तिथे उभंच राहायचं ठरवलंयस तर नीट उभी राहा." त्याच्याकडून एवढं म्हणजे पोवाडाच.

तालमीच्या दिवशी सकाळी खोकी हलली, नळकांडी चमकली. फौजदारीण आपल्या खुर्चीवर, पुढच्या दारात. लॅबच्या मागच्या दाराला साखळी जशीच्या तशी. पट्ट्याला किल्ली जशीच्या तशी. कॅप्टन पाहुण्यांच्या चहाच्या धांदलीत होता, त्याला तपासायला सवड मिळाली नाही. आणि तपासायची गरजही त्याला वाटली नसेल. हुकूम दिला म्हणजे काम झालं, अशी त्याची आयुष्यभराची समजूत.

अग्निशमन दलाच्या अधिकारी आल्या. मध्यम वयाच्या, उन्हाने रापलेल्या, बोलायला कमी. मोठे सर त्यांना माहिती देत होते. घंटा वाजली.

नियमाप्रमाणे लॅबमधली निम्मी पोरं पुढच्या दाराने निघाली, निम्मी मागच्या. पुढची हसत बाहेर आली. मागची आलीच नाहीत. अधिकारी बोळात उभ्या होत्या, घड्याळावर नजर. आतून दार हललं, साखळी खणखणली, दार थांबलं. फटीतून एका पोराचा डोळा दिसला. "मॅडम, उघडत नाहीये," तो म्हणाला, आणि त्याच्यामागे कुणीतरी हसलं. मग कुणी हसलं नाही. त्या गर्दीत त्या दिवशीच्या दोन मुलींपैकी एक होती. ती किंचाळली नाही, काही नाही. फक्त भिंतीला पाठ लावून खाली बसली, जमिनीलगत, तोंडावर ओढणी धरून. तालीम आहे हे तिच्या अंगाला कुणी सांगितलं नव्हतं.

कॅप्टन धावत पुढच्या दाराशी आला. मिशा विस्कटलेल्या. "किल्ली! बाई, किल्ली! तुला सांगितलं होतं ना!"

फौजदारीण खुर्चीतून उठली. "सांगितलं होतं."

"मग?"

"रोज मी इथेच असते, साहेब. खरी आग लागली तेव्हाही मी इथेच होते. आज तेवढी बोळात कशी असेन? तालीम करायची तर असली करा. नाहीतर नाटक मंडळी बोलवा, त्यांना सवय असते."

मोठे सर आले, अधिकारी बाई आल्या. मोठ्या सरांचा आवाज गोड होता आणि कान लाल. "मॅडम, आमच्या रक्षकाकडून चूक झाली. एरवी हे दार..."

"एरवी हे दार असंच असतं," मागून कुणीतरी म्हणालं. लॅबच्या मॅडम होत्या. पोरांना घेऊन बाहेर आल्या होत्या, हातात हजेरीचा कागद चुरगळलेला. त्यांचा आवाज कापत होता, आणि कापतोय याचाच त्यांना राग आला असावा, कारण दुसरं वाक्य त्या ओरडल्या. "रोज असंच असतं! मी रोज बघते आणि रोज गप्प बसते!"

त्यांच्या बाजूला काका येऊन उभा राहिला. त्याने घसा खाकरला, पण आवाज फुटला नाही. मग तो नुसताच मॅडमच्या शेजारी उभा राहिला.

अधिकारी बाईंनी हात पुढे केला. "किल्ली."

फौजदारणीने ती सोडवून त्यांच्या तळहातावर ठेवली. "घ्या. आता बोळातून गेलात तर कुलूप दिसणार नाही, ते आत आहे. आतून जायचं तर वाटेत भट्टी लागते, आणि ती पेटलीय असं समजायचं आहे. बघा जमतंय का. मला नव्हतं जमलं."

अधिकारी बाईंनी किल्ली मुठीत धरली. मग मोठ्या सरांकडे पाहून म्हणाल्या, "हे निघेपर्यंत दाखला नाही. आणि लॅबही सुरू नाही." एवढंच. बोलायला कमीच होत्या.

दुपारी केबिनमध्ये तिची पेशी झाली. मोठे सर खुर्चीत, कॅप्टन बाजूला उभा, ही समोर. बसायला कुणी सांगितलं नाही, सांगितलं असतं तरी ती बसली नसती.

"विद्यापीठाची अब्रू घालवलीस," मोठे सर म्हणाले.

"अब्रू साखळीने बांधून ठेवली होती का, सर? निघाल्यावर गेली ती?"

"तोंड सांभाळ! लेखी माफी माग. हुकूम मोडल्याची. मग बघू तुझं पुढचं."

"सत्कार करताना तोंड बोलकं हवं होतं. दोन शब्द बोला म्हणालात."

कॅप्टनने तोंडावर हात फिरवला. हसू होतं का खोकला, सांगता येत नाही. मग तो अचानक म्हणाला, "सर, दार उघडं राहिलं आणि सामान गेलं तर मी जबाबदार नाही. माणूस मागितला होता मी. दोनदा." त्याने आयुष्यात पहिल्यांदाच वरच्या माणसाला असं काही ऐकवलं असावं, कारण बोलून झाल्यावर तोच दचकला.

"माणूस, माणूस! माणसं झाडाला लागतात?" मोठे सर टेबलावर हात आपटून म्हणाले. आणि मग त्यांना काहीतरी सुचलं. फौजदारणीकडे बघत ते सावकाश खुर्चीत मागे रेलले. "तुला दार उघडं हवं ना? मग तूच बस तिथे. मागच्या बोळात. रोज, पूर्ण पाळी. पुढच्या दाराला दुसरं कुणी येईल. आणि माफी लिहून देईपर्यंत कायम व्हायची गोष्ट विसर."

मागच्या बोळात पंखा नव्हता, सावली नव्हती, सोबत नव्हती. शेजारी सिलिंडरचा पिंजरा आणि समोर भिंत. पुढच्या दारात जगाची ये-जा, इथे मांजराची. ती दोन दिवसांत रडत येईल, माफी लिहील, असा हिशेब होता. मोठ्या माणसांचे हिशेब नेहमी दुसऱ्याच्या पाठीवर मांडलेले असतात.

"बसते," ती म्हणाली.

"विचार कर."

"केला. साखळी कधी काढता? का तीही मीच काढू?"

तिनेच काढली. दार सताड उघडलं, तिथे आपली खुर्ची मांडली. घरी गेल्यावर सासूला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे शिक्षा झाली म्हण की."

"हो."

"कायमचंही लांबलं."

"लांबलं."

"बरं झालं बाई तिथेच बोलून आलीस," सासू म्हणाली आणि पाय पसरून आडवी झाली. "आता शांत झोपेन." नवऱ्याने डेपोतून जुन्या बसच्या टपाचा ताडपत्रीचा तुकडा आणला आणि सुट्टीच्या दिवशी येऊन बोळात पिंजऱ्यापासून लांब, दाराच्या बाजूला, तिच्यासाठी आडोसा बांधून गेला.  जाताना गाठ तीनदा ओढून पाहिली.

आता त्या बोळाची कळा बदलली. दार उघडं म्हटल्यावर पोरं त्याच वाटेने ये-जा करायला लागली. आणि उघडं दार म्हणजे मोकाट दार नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. फौजदारीण प्रत्येक पिशवी बघायची. दप्तर बघायची, डब्याचं झाकण उघडायला लावायची, कोटाचे खिसे उलटे करायची. मॅडमची पर्स बघितली. काकाचा डबाही बघितला.

"माझा पण?" काकाने त्या खरखरीत आवाजात विचारलं.

"तुमचा आधी. बिस्किटचोराचा काय भरवसा?"

कुरकूर झाली, तक्रारी गेल्या. कॅप्टन एकदा येऊन बघून गेला. हात मागे बांधून बराच वेळ उभा राहिला, पिशव्या उघडताना पाहत होता. जाताना स्वतःची थैली तिच्यापुढे धरली, न सांगता. तिने ती बघितली आणि मान डोलावली. त्या लॅबमधून त्यानंतर एक स्क्रूसुद्धा गेला नाही, हे सांगायला कुठला अहवाल निघाला नाही. चांगल्या गोष्टींचे अहवाल सहसा निघत नाहीत.

माफी तिने लिहिली नाही. कायमही झाली नाही. आणि एका संध्याकाळी, लॅब सुटायच्या वेळेला, दारात पोरांची रांग लागलेली असताना, त्या रांगेच्या बाजूने मोठे सर आले. त्यांची गाडी आज बोळाच्या तोंडाशी लावली होती, आणि पुढून वळसा घालायचा त्यांना कंटाळा आला होता. हातात कातडी बॅग. ते तिच्याकडे न बघता पुढे निघाले.

तिने पाय आडवा घातला नाही. नुसती खुर्चीतून उठली. तेवढं पुरे होतं, बोळ अरुंद आणि बांधा आडवा.

"बॅग, सर."

"काय?"

"बॅग उघडा."

रांगेतल्या माना तिकडे वळल्या. मोठे सर पोरांकडे बघत हसले, सभागृहातलं तेच हसू. "अगं, मी या विभागाचा प्रमुख आहे."

"माहीत आहे. म्हणून रांगेत उभं केलं नाही."

त्यांनी बॅग उघडली. झटक्यात, चेन तुटेल अशी. आत फायली, चष्म्याचं घर, आणि फायलींच्या मधे लॅबचा शिक्का मारलेलं एक मीटर. तिने ते बाहेर काढलं, सगळ्यांना दिसेल असं नव्हे, पण लपवलंही नाही.

"ते मी घरी कामासाठी नेतोय," मोठे सर म्हणाले. "नेहमी नेतो. माझ्याच विभागाचं आहे."

"असेल, सर. काकांकडून नेण्याची चिठ्ठी लिहून आणा. सगळे आणतात."

"आणि नाही आणली तर?"

"तर तुम्ही जा, मीटर इथे राहील. दार उघडंच आहे, कुणाला कोंडलेलं नाही."

मोठ्या सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग रांगेकडे. पहिल्या वर्षाचं एक पोरगं हातात उघडा डबा धरून ताटकळलं होतं, मॅडम पर्स उघडून उभ्या होत्या, आणि आत टेबलापाशी काका चिठ्ठ्यांचं पॅड घेऊन, पेनाचं टोपण काढून, वाट बघत बसला होता. सरांनी मीटर तिच्या हातातून घेतलं, वळले, आणि चिठ्ठी आणायला आत गेले.

फौजदारीण खुर्चीत बसली.

"हं," ती म्हणाली, "पुढचं कोण?"